ड्रायर घुं घुं करतो, फिरत नाही

२ जुलै
आठवड्याने नळाला पाणी आलं. म्हणजे साठलेलं सगळं धुणं आजच. धुऊन झालं आणि मशीनच्या ड्रायरने ऐन वेळी दगा दिला. टायमर फिरतो, आतून घुं घुं आवाज येतो, डबा मात्र जागचा हलत नाही. झाकण उघडझाप, वरून चापट्या, सगळं करून पाहिलं.
सुनंदाच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालंय, पिळायला डॉक्टरांची मनाई. तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोच्या साड्या मी पिळल्या. ती दारात उभी. "पिळायलात का गोंजारायलात?"
चादरींनी दम काढला. घरभर दोऱ्या, सगळीकडे ओला वास.

३ जुलै
पुण्याहून राहुलचा फोन. सु.ने ड्रायरचं सांगून टाकलं. लेकाने मला विचारलं, "पप्पा, लिंटची जाळी साफ केली का? गरम हवा येते का?" मी चक्रावलो. ड्रायरमधून कसली गरम हवा? मग उलगडा झाला. त्याच्या घरचा ड्रायर गरम हवेने कपडे पार वाळवतो, आमचा नुसता गरगर फिरवून पाणी काढतो. नाव एकच, बापलेक अर्धा तास वेगवेगळ्या यंत्रांवर बोलत होतो.
शेवटी नेहमीचं. "आता तरी इकडे राहायला या ना दोघं. आईचा हात असा, त्यात मशीन बंद." मी म्हटलं, मशीन दुरुस्त होईल. सु. काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला आवडलं नाही.
मला जायचं नाही. हे घर, ही गल्ली, सकाळी फिरायला येणारी चार टाळकी. पुण्यात मी कोण? राहुलचे पप्पा. ड्रायर चालू झाला की विषय मिटेल.

४ जुलै
औरंगपुऱ्यातला मेकॅनिक "कल पक्का आता" म्हणतो. त्याचा उद्या काही उजाडत नाही. मीच घ्यायचं ठरवलं अंगावर.
फोनवर त्याचंच निदान: मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असेल. आणला, बसवला. पुन्हा घुं घुं. वर एक स्क्रू उरला तो कुठला, कळेना. कंपनीत जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, स्वतः कधी स्क्रू पिळला नाही. आज कळलं, चुका काढणं किती सोपं होतं.
सु.ने स्क्रू उचलून देव्हाऱ्यात ठेवावा तसा बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला. "इथं नाय हरवायचा." चेष्टाच ती.

६ जुलै
प्लग काढून मागचा पत्रा पुन्हा उघडला. सु. डाव्या हाताने बॅटरी धरून. मी मोटरीतच डोकं घालून बसलेलो. ती म्हणाली, "ती तार लोंबायलीय ती कशाची?"
तिथंच होतं सगळं. झाकण लावलं की तार ओढली जाते, खालचा ब्रेक सुटतो, डबा मोकळा होतो. तार तुटली, ब्रेक चिकटलेलाच. बिचारी मोटर ब्रेक लावलेली गाडी ढकलत होती.
"मोटरीची कायबी चूक नव्हती म्हना," सु. म्हणाली. लई दिवसांनी दोघं मिळून एका कामात होतो. बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर खूपच बरं वाटलं.

७ जुलै
शहागंजच्या बाजारात स्पेअर पार्टचं दुकान गाठलं. दुकानदाराने तुटका तुकडा हातात घेऊन मान हलवली. "चाचा, इस माडल का तार अब नै आता. नया मशीन लेव, पुराने पे कायकू मेहनत कर रै?" मी म्हटलं, नया नक्को, यहीच चलाना है. माझा चेहरा बघून असेल, त्याने सायकलच्या ब्रेकची तार काढून दिली. "ये चलता. टाइट मत करो जादा."

८ जुलै
नको म्हणाला तेच केलं, जास्त ताणली. डबा फिरला खरा, पण झाकण उघडलं तरी थांबेना. हात घातला असता कुणी तर? अंगावर काटा आला. तार थोडी सैल केली. आता झाकण लावलं की भिरभिर, उघडलं की गपकन थांबतो. ओला टॉवेल टाकला, नळीतून पाणी धो धो बाहेर. मी चक्क टाळ्या वाजवल्या.
सु. खूश. म्हणाली, "बरं झालं बाई. घर भाड्यानं द्यायचं तर मशीन चालू पाहिजे. लोकं आधी तेच बघतात."
मी पक्कड हातात धरून तसाच उभा. कुणाचं घर? कधी ठरलं?

९ जुलै
पाणी आलं. सगळं ड्रायरमधून काढलं, एकदाही अडकला नाही. आनंद वाटला नाही.
चहा घेताना विचारलंच. ड्रायर झाला ना चालू, मग जायचं कशाला?
ती शांतपणे म्हणाली, "ड्रायरचं म्या कवा म्हनलं? लग्न झाल्यापासून पानी कवा येतं ते बघूनच जगायले. माहेरी जायचं तर पान्याचा दिवस बघून, आजारी पडायचं तर पान्याचा दिवस सोडून. तिथं नळ सोडला की पानी येतं. मला यकदा मनाला येईल त्या दिवशी धुणं धुवायचंय."
"आणि मी?"
"तुमी यायचं तर या. मी चालले."
रागावली नव्हती. रागावली असती तर भांडता आलं असतं. मला राग आला, तो तासाभरात ओसरला आणि त्याच्या जागी भीती आली. इतकी वर्षं मी तिच्या न बोलण्याला होकार समजत आलो.

११ जुलै
राहुल रविवारी गाडी घेऊन येतोय. सु. पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, एका हाताने जमेल तशा. मी चादरीची दुसरी टोकं धरली.
तिच्या साड्या मोठ्या बॅगेत गेल्या. मग माझे शर्ट मांडीवर घेऊन बसली. "हे कुठं ठिवू? ब्यागंत का कपाटात?"
मी म्हटलं, थांब जरा.
संध्याकाळ झाली. शर्ट पलंगावरच आहेत.