रविवारी वर बसायचंय

संत तुकाराम नगर,
मंगळवार

प्रिय फारूक,

तुझ्या अजिमच्या गॅरेजवर गाडी लावली आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलं तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस. आता मात्र पूर्ण वाचावं लागेल.

आधी बातमी. आपल्या पोरी बास्केटबॉलच्या फायनलला गेल्या. सोळा वर्षांखालच्या, महापालिकेच्या उघड्या कोर्टावर ज्यांना मी रोज संध्याकाळी पळवतो, त्याच. रविवारी तळेगावच्या संघाशी गाठ आहे. जिंकलो तर आपल्या वस्तीतला संघ पहिल्यांदा राज्य स्पर्धेला जाईल. तुझी सुमनवहिनी म्हणते, स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हाही हा माणूस असा नाचला नव्हता.

सेमीफायनलची गंमत ऐक. पत्र्याच्या छताचा हॉल, प्रतिस्पर्धी शाळेने ढोल आणलेले. आपल्या जुन्या प्रेस शॉपमध्ये आठही मशिनी एकदम चालाव्यात तसा दणका. माझे कान तुला माहीत आहेत. कोर्टाकडे पाठ करूनसुद्धा बुटांच्या आवाजावरून सांगतो, कोणती पोरगी बचावात आळस करतेय. त्या दिवशी ते कान कुचकामी ठरले. मी बाकावरून घसा फोडतोय, पोरींना एक अक्षर पोहोचत नाही. मध्यंतराला आम्ही दहा, ते एकवीस.

मी पाण्याची बाटली घेऊन मान खाली घालून बसलो. तेव्हा मैत्री आली. ही आमची चेंडू घेऊन खेळ चालवणारी, बीडहून आलेल्या कुटुंबातली, जीभ तिखट. म्हणाली, "सर, तुम्ही ओरडू नका. ओरडताना तुमचं तोंड असं होतं की आम्हाला वाटतं शिव्याच देताय. नुसते हात करा. हाताचं आम्हाला सगळं कळतं." मी विचारलं, कसले हात? तर पाचही जणी खिदळल्या आणि माझी नक्कल करून दाखवली. बोट वर करून गोल फिरवणं. आडवा हात, तळवा खाली. दोन्ही पंजे एकमेकांत अडकवणं.

फारूक, ते मी खालून तुला करायचो ते आपले क्रेनचे सिग्नल होते. हुक वर घे, थांब, सगळं बंद. कंपनी सोडून मला सतरा वर्षं झाली, पण बोलताना हात आपोआप तेच करत होते आणि मला पत्ता नव्हता. पोरींनी मात्र वर्षभर बघून बघून अर्थ लावला होता. बोट फिरलं की एकीने वर जाऊन मैत्रीला अडवणाऱ्या पोरीच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं, मैत्रीने त्या खांबाला घासून निसटायचं आणि खांब झालेलीने बास्केटकडे वळायचं. हात आडवा झाला की चेंडू रोखून धरायचा, घाई नाही. पंजे अडकले की माणसामागे धावणं सोडून मागे यायचं आणि प्रत्येकीने आपापली जागा धरायची, म्हणजे झोन.

दुसऱ्या अर्ध्यात मी तोंड मिटलं. समोरच्या कोचला वाटलं, म्हाताऱ्याने हार मानली. आणि राव, मशीन चालावं तशा पोरी खेळल्या. घोटाळा एकदाच झाला. बरोबरी झाली तेव्हा मी न राहवून देवाला हात जोडले, बोटं गुंतली, आणि चेंडू आपल्याकडे असताना चार पोरी झोनला मागे पळाल्या. मैत्री एकटी पाच जणींत उभी. नंतर मला म्हणाली, "सर, देवाला खिशातून नमस्कार करत जा." एकतीस-एकोणतीस. जिंकलो.

पण एक गोष्ट टोचतेय. त्या दिवशी समोरच्या संघाच्या शेवटच्या तीन बास्केट पलीकडच्या कोपऱ्यातून पडल्या. बाकावरून मला तो कोपरा दिसतच नाही, नुसते पाय आणि पाठी दिसतात. तळेगावच्या पोरी चेंडू या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात भिरकावतात, आमचा झोन फाटणार तो तिथेच. हे खालून दिसत नाही, वरून दिसतं. फायनलही त्याच हॉलमध्ये आहे आणि तिथे वर गॅलरी आहे. अकरा वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून अख्खा शॉप एका नजरेत ठेवणारा माणूस मला एकच ठाऊक आहे.

कनीजभाभींनी सुमनला सांगितलं, तू चौकात चहालाही जात नाहीस, लग्नकार्यं टाळतोस, कानाचं मशीन डबीतच पडून असतं. मला नवल वाटलं नाही. मी शेवटचा आलो होतो तेव्हा तासभर तुझ्यासमोर बसून ओरडलो, तू मान हलवत राहिलास, आणि घरी परतताना मला हायसं वाटलं. त्यानंतर मी आलोच नाही. कामाचं निमित्त होतं, पण ते निमित्तच. अकरा वर्षं आपण त्या गोंगाटात एक शब्द न बोलता दहा-दहा टनांचे डायचे साचे हलवले, कुणाचं बोट चेपलं नाही. आणि तुझे कान गेले तर मी आवाज वाढवत बसलो. हे माझ्या ध्यानात यायला पंधरा वर्षांच्या पोरी लागल्या.

म्हणून हे लिहिलं. तुला विचारत नाहीये. संघाच्या यादीत सहायक प्रशिक्षक म्हणून तुझं नाव कालच दिलंय, यादी आता बदलता येत नाही. पोरींना सांगून ठेवलंय की रविवारी बचावात माझ्याकडे बघायचं नाही, वर तुझ्या हातांकडे बघायचं. अजिम साडेसातला गाडी काढेल. तू आला नाहीस तर पाच पोरी रिकाम्या गॅलरीकडे बघत राहतील.

तुझाच, आता खाली उभा राहून तुझं ऐकणारा,
रंगराव