झरीपर्यंत तरी

बोरी,
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय सत्यशीला,

बोरीहून झरीपर्यंत ट्रक न्यायला चार लिटर डिझेल आणि पाऊण तास लागतो. परतीचं धरलं तर दुप्पट. एवढाच खर्च होता, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर गोड बोलत बोलत मी मुद्दा टाळीन. माझी सवय तुला ठाऊक आहे.

परवा आपल्या शाळेत तू फळ्यावर मज्जातंतूची पेशी काढलीस. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच लांब धागा, त्याच्या आत रूळ, आणि रुळांवरून चालणारी दोन पायांची प्रथिनं. डोक्यावर आपल्याहून कितीतरी मोठं गाठोडं; त्यात पेशीची वीजघरं, त्या तंतुकणिका. दर पावलाला इंधनाचा एक कण. एक पाय टेकलेला असल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. ओझं नसलं की पाय दुमडून बसायचं, ओझ्याची कडी अडकली की निघायचं. ती थांबली तर टोकाचा अंगठा उपाशी मरतो, असं तू म्हणालीस.

मला परभणीचा धान्याचा मोंढा आठवला. तुझा बाप सिताराम आणि मी अकरा वर्षं तिथं असेच फळीवरून चाललो, पाठीवर पोतं घेऊन. तो पुढं, मी मागं. पावलांच्या नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, त्याच्या पाठीवर ज्वारी आहे की सरकी. पुढं मी जुना ट्रक घेतला आणि तो माझ्याच गाडीवर हमाल झाला. तोंडानं मात्र माणिक्याच म्हणायचा.

म्हणून परवा मी हुशारीनं उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो, की ही प्रथिनं आमच्याच धंद्यातली. माझ्या ट्रकनंही आजवर कुणाचं ओझं नाकारलं नाही. पोरं हसली. तू म्हणालीस, खरं आहे काकांचं. आजीचे पाय गेले होते, बाबांनी तिला पाठीवर घेतलं, ते बघूनच मला पायांचं कोडं पडलं. आणि पुढं म्हणालीस, त्या दिवशी काकांची गाडी बंद होती, नाहीतर आजी पोचली असती. गुरुजी हळहळले. मी चपला शोधायला लागलो.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नावावरून तुमच्या लोकांची घरं जळायला लागली, तेव्हाची ती दुपार. शेजारचा चंद्रभान माझ्या ओट्यावर बसून हळूच म्हणाला होता, की जो गाडी देईल त्याची गाडीही जळेल. माझे कान तिखट. तेवढ्यात सिताराम आला. मागं तुझी आई कुसुमबाई, तिचा पदर धरून तू. झरीला त्याची बहीण होती. त्यानं मला पहिल्यांदाच मालक म्हटलं.

"मालक, आईला पाय न्हाईत. झरीपर्यंत तरी."

"गाडी बंद हाय, सिताराम."

त्यानं बॉनेटवर हात ठेवला, बरं म्हणाला आणि तुझ्या आजीला, बायनाबाईंना, पाठीवर घेतलं. मी ओट्यावर बसून त्याची पावलं ऐकत राहिलो. अकरा वर्षांत एवढी जड कधी ऐकली नव्हती. झरीच्या अलीकडं, एका बाभळीखाली, बायनाबाई गेल्या.

महिन्याभरानं तो परत आला. आणखी पंधरा वर्षं त्यानं माझ्या ट्रकमध्ये पोती भरली, पण माणिक्या म्हणून हाक काही मारली नाही. मी मालकच राहिलो. गाडी बंद होती हेच त्यानं तुला शेवटपर्यंत खरं का वाटू दिलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. गेल्या दिवाळीत तोही गेला. आता हे फक्त मला ठाऊक आहे, आणि तू शाळेत माझ्या वतीनं खोटी साक्ष देतेस, म्हणून लिहितो. त्या दिवशी तासाभरापूर्वीच त्या ट्रकमधून त्यानंच पोती उतरवली होती. गाडी चालू होती. त्यानं हात ठेवला तेव्हा बॉनेट गरम होतं.

तुझाच, तू म्हणवू दिलंस तर,
माणिककाका