वन्सं, मी फक्त पुस्तकाचं नाव वाचलं होतं

प्रिय मार्थावन्सं,

'प्रिय' लिहायला रीनानं सांगितलं. आपल्या विल्सनची रीना आता आठ वर्षांची झाली, आजीला पत्र लिहायला शिकवते. तुम्ही होता तोवर मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही आणि तुम्हीही मला म्हटलं नाही. नणंद-भावजय होतो, तेवढं बास होतं.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. पत्र आताच का, तर तुमचं ते पुस्तक मी वाचलं.

मुद्दाम नाही वाचलं. विल्सननं तुमची खोली रिकामी केली तेव्हा कपाट आमच्याकडं आणलं. खालच्या कप्प्यात हे पुस्तक होतं. वर चर्चच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर, त्याच्यावर पवित्र मरियेचं चित्र. मला वाटलं, प्रार्थनेचं असेल. मेणबत्ती लावली, चष्मा घातला, क्रूसाची खूण केली आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. पान सरत आलं तरी आमेन काही येईना. म्हणून कव्हर सरकवून नाव बघितलं, तर तेच पुस्तक! आपल्याच चर्चबद्दलचं. कुठल्या कुठल्या देशात काही फादरांनी लेकरांचं काय केलं आणि वरच्यांनी ते कसं झाकलं, ते सगळं सांगणारं. ज्याच्यापायी मी तुमचा रविवारचा वर्ग घालवला, ते.

जीभ काही झडली नव्हती. मेणबत्ती तेवढी विझवली आणि पुढं वाचत बसले.

मी तिसरीतून शाळा सोडलेली. दिवसाला एक पान, फार तर दीड. उन्हाळ्यात धरलेलं पुस्तक दसऱ्यापर्यंत पुरलं. पण वाचता वाचता मला जे कळत गेलं, त्यानं मी गार झाले. पुस्तकानं नाही, वन्सं. तुमच्यामुळं.

आठवतंय का? सांगलीच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून तुम्ही इथं मलकापुरात आलात आणि चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण द्यायला लागलात. पहिली दोन वर्षं वर्ग आत भरायचा, फादरांच्या बंगल्याशेजारच्या खोलीत. मग एका रविवारी तुम्ही सतरंजी उचलून व्हरांड्यात टाकली आणि फळा खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. मी म्हटलं, "आवं वन्सं, आत पंखा हाय. पोरं काय उन्हात वाळवायची हायती?"

तुम्ही म्हणालात, "वाळू द्यात. दिसत्यात तरी सगळ्यांना."

मला वाटलं, म्हातारपणी हिचं डोकं फिरलं.

फादरांचा डबा घेऊन एकट्या पोराला जाऊ द्यायचं नाही, हा तुमचा दुसरा कायदा. दोघांनी जायचं, नाहीतर तुम्ही स्वतः. मी म्हटलं, फादरांपुढं मिरवायची हौस. पोरं पापकबुलीला बसली की तुम्ही समोरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायचा. त्याचं तर मी बायकांत काय काय सांगितलं! पोरांची पापं ऐकायला बसती म्हणाले. एकटी-दुकटी नाही, सगळ्या हसल्या.

आणि तुमचं ते 'नको'. जपमाळ झाली की सगळ्या पोरांना उभं करायचा आणि घसा फोडून ओरडायला लावायचा. "नको!" परत एकदा. "नको!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. आम्हाला मान खाली घालून 'व्हय फादर' म्हणायला शिकवलं होतं. ही कसली प्रार्थना, म्हणून माझं टाळकं तापलं. त्याच आठवड्यात तुमच्या टेबलावर हे पुस्तक दिसलं. तेव्हा त्याला कव्हर नव्हतं. मी नाव वाचलं आणि तडक त्या वेळच्या फादरांकडं गेले. म्हटलं, माझी नणंद असलं वाचती आणि तेच पोरांच्या डोक्यात घालती.

फादर भला माणूस. कुणाशी वाकडं नको, एवढंच त्यांना कळायचं. त्यांनी तुमच्या गुडघ्यांचं निमित्त काढलं आणि वर्ग दुसऱ्या टीचरला दिला. पोरं परत आत, पंख्याखाली. आपल्या चर्चमध्ये कधी वावगं घडलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. पण ते घडायची वाट तुम्ही बघितली नाही, हे मला आता कळतंय.

कागाळी कुणी केली ते तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही आमच्या ओट्यावर आलात. चहा घेतला नाही.

"वैनी, पुस्तक वाचलं का?"

"वाचायची गरज काय? नाव वाचलं की."

"पेशंटचा कागद न वाचता सुई टोचणारी नर्स मी एकच बघितली," तुम्ही म्हणालात. "तिला डॉक्टरनं घरी पाठवली."

मला राग आला. मी म्हटलं, "एवढी घाण वाचून तुमाला मिस्सेला बसवतं तरी कसं?"

"मी पाया देवाच्या पडते, वैनी. फादरला चहा देते."

आणि गेलात. पुढच्या रविवारी चर्चमध्ये नेहमीसारख्या मिस्सेला हजर. वर्ग गेला, पण तुमचा एक रविवार चुकला नाही. श्रद्धा उडते म्हणून असलं वाचू नये, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते, आणि माझ्यामागच्या बाकावर तुम्ही सगळं वाचून गुडघे टेकून बसलेल्या होता. मी न वाचता बसत होते. कुणाचं बसणं खरं होतं हो?

पुस्तकातल्या एका पानावर मी चार दिवस अडकले. त्यातलं पोरगं घरी येऊन आईला सांगतं, आणि आई त्याच्या थोबाडीत देते. फादरांबद्दल असं बोलतोस म्हणून. ती बाई कुठली परदेशातली, पण हात माझाच होता. विल्सननं लहानपणी येऊन असं काही सांगितलं असतं, तर मी दुसरं काय केलं असतं? मी तिथूनच विल्सनला हाक मारली. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, दाढीचा साबण तोंडाला तसाच लावून आला.

"तुला ल्हानपणी चर्चमधी कुणी कवा काय केलं न्हाई न्हवं?"

"काय झालं आई?"

"न्हाई न्हवं?"

"न्हाई गं."

मग मी पान उलटलं.

हे सगळं तुम्ही एकटीनं वाचलंत. वाचून छाती बडवली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, चर्च सोडलं नाही. सतरंजी उचलून व्हरांड्यात टाकली. एवढं मोठं पुस्तक आणि त्यातून तुम्ही एवढंच काढलंत: पोरं कुठं बसवायची, डबा कुणी न्यायचा, 'नको' कसं म्हणायचं. मी आयुष्यात लय बायका बघितल्या, पण अशी बघितली नाही. शेजारीच राहत होती, आणि तरी बघितली नाही.

आता रीना त्याच वर्गात जाते. पुढच्या वर्षी तिला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा आहे. तिथली खोली, तिथला पंखा, तिथलं ते लोटलेलं दार. दार बघितलं आणि मला राहवलं नाही. गेल्या रविवारी पुस्तक हातात धरून नव्या फादरांकडं गेले. पोरसवदाच आहेत.

"फादर, हे वाचलंय का?"

त्यांनी आतलं पान बघितलं. "वाचलंय आजी. माझ्याकडं पण आहे."

"कुठं हाय?"

"आत. कपाटात."

"कुलूप लावून?"

फादर हसले. मग हसायचे थांबले. "बाहेर काढून ठेवू का?"

"पुस्तकाचं तुमी बघा. आदी पोरं भायेर काढा."

काढली. टीचर तोंड वाकडं करून बसली होती, उन्हाचं कारण सांगत होती. मी तिला छत्री दिली.

जाताना फादर म्हणाले, "ही पद्धत मार्थाबाईंची ना? गुडघ्यांमुळं त्यांनी वर्ग सोडला, असं ऐकलं."

आणि वन्सं, माझी जीभ, जी कुणाला ऐकत नाही, ती टाळ्याला चिकटली. मी मान हलवली आणि घरी आले. तुमचे गुडघे शेवटपर्यंत दणकट होते, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

म्हणून हे पत्र. मृतांच्या दिवशी आपली सगळी माणसं दफनभूमीत जमतील. कडेगावकडचे नातेवाईकही येतील. फादर प्रार्थना संपवतील, तेव्हा मी तुमच्या कबरीपाशी उभी राहून सांगणार आहे की मार्थानं वर्ग सोडला नाही, मी सोडायला लावला, आणि एक पान न वाचता लावला. बायका काय म्हणायचं ते म्हणू देत. विल्सनला लाज वाटेल, वाटू दे. शब्द दिला. मी रडणार नाही, आणि मागच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलेन.

तुम्ही फक्त त्या दिवशी मधे बोलू नका.

तुमची वैनी,
फिलोमिना