भर वाटेत बसवलेला म्हसोबा

मिरजगाव,
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

आप्पासाहेब भावोजींस थोरल्या वहिनीचे आशीर्वाद (वयाने मोठी असल्यामुळे द्यावेच लागतात).

रविवारी, १३ एप्रिल २०२५ रोजी, सकाळी सव्वासात वाजता तुम्ही माझ्या लिंबोणीच्या बागेची वाट अडवलीत. तुमची गुडघेदुखी कशी आहे? एवढा धोंडा एकट्याने उचलून आणलात, त्या अर्थी बरी असावी.

ही वाट तुमच्या कांद्याच्या वावरातून जाते, हे मला मान्य आहे. पण मागच्या तुकड्याची ये-जा पुढच्या तुकड्यातून राहील, असं मामंजींनी वाटणी करतानाच सांगितलं होतं. तेव्हापासून आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर आणि आता छगनचा टेम्पो तिथूनच जातो. बंद करायची होती तर काटे टाकायचे, तार ओढायची. मी तहसीलदारांकडे अर्ज केला असता, तुम्ही वकील केला असता, चारचौघांसारखे भांडलो असतो. तुम्ही मात्र धोंड्याला शेंदूर फासून तो भर वाटेत बसवलात आणि वर मला म्हणालात, "वहिनी, म्हसोबा सपनात आला हुता. हीच जागा दावली त्यानं." (हा म्हसोबा शनिवारपर्यंत तुमच्या कांदाचाळीची ताडपत्री दाबून बसला होता. मी कॉन्व्हेंटात शिकले, आंधळी झाले नाही.) छगनने शेंदूर पाहताच टेम्पो मागे घेतला. "मॅडम, देव हाय त्यो. म्या न्हाई चाक घालनार." इकडे लिंबं झाडाखाली पडून पिवळी होताहेत, आणि भाव असतो तो याच दिवसांत. आठवडाभरात माल निघाला नाही, तर वर्षाची मेहनत मातीत जाईल.

तेव्हा मीही भक्त झाले. लिंबं तोडायला येणाऱ्या लंकाबाईच्या हाती नारळ दिला आणि आप्पासाहेबांच्या वावरात देव प्रकटलाय, असं गावभर सांगायला लावलं. परवाच्या रविवारी निम्मं गाव तुमच्या वावरातून चालत आलं. "कांदा तुडवताय, व्हा मागं!" म्हणून तुम्ही ओरडलात, तेव्हा लंकाबाईने सर्वांदेखत विचारलं, "देवाकडं जायला वाट न्हाई म्हनता व्हय, आप्पा? मंग त्यो हितं आला कुनीकडनं?" (माझ्या जावेने, तुमच्या चांगुणाने, पदर तोंडाला लावला होता, तो भक्तीने नव्हे.) आता तार ओढूनच दाखवा. देव वाटेत बसवलात, म्हणजे इथे वाट आहे हे तुम्हीच गावासमोर कबूल केलंत. यापुढे मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

तुमची थोरली वहिनी,
माधुरी

ता.क. माणसांना वाट झाली, टेम्पोला अजून नाही. धोंडा थोडा बाजूला, बांधावरच्या कडुनिंबाखाली सरकवायला हवा. छगन हात लावत नाही, लंकाबाई तर हलवण्याचं नावही काढू देत नाही.

आणखी ता.क. काल भरदुपारी, आसपास कोणी नसताना, मीच पहार घेऊन गेले होते. हळदकुंकू वाहून परत आले. (यावर चर्चा नको.) देव तुम्ही आणलात, तुम्हीच हलवा. पुरणपोळीचा नैवेद्य माझ्याकडून.

शेवटचं ता.क. उत्तर शुक्रवार, २५ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत आणि लेखीच हवं. स्वतः आलात तर चहा टाकावा लागेल, आणि पाहुण्यापुढे कप ठेवल्यावर मला भांडता येत नाही.