वल्लरीच्या नवसाची पायपीट

वल्लरी,

आधी विद्यापीठाच्या शर्यतीत सुवर्णपदक, मग केळझरच्या गणपतीला अनवाणी चालत जाणं. नवस करताना सौदा तुझ्याच फायद्याचा होता. पण पदक आलं आणि नडगीच्या हाडाला चीर गेली, डॉक्टरांनी चालणं बंद केलं. तेव्हापासून "देव कोपला वं ताई" म्हणतेस आणि झोपत नाहीस.

म्हणून मीच निघालेय, अनवाणी. देव न मानणाऱ्या बहिणीनं फेडलेला नवस चालतो का, असं पुजाऱ्यांना फोनवर विचारलं. "मले नाई सांगता येत, बाई," म्हणाले. मलाही नाही.

कुकरमध्ये खिचडी आहे. चारला कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे जाजो, ऑटो सांगितलाय. नवसाचंही सांग त्यांना. गणपती की मॅडम, कोणाचा गुण येईल कळत नाही.

पदक तुझ्या गळ्यात, पुण्य कोणाच्या नावावर ते देवच जाणे; पायाला फोड मात्र माझ्याच येणार.

इला