कुंपणाबाहेरची फुलं

५ ऑगस्ट २०१८, रविवार
पलीकडच्या शेतावरच्या रॉनच्या शेडमधून चार चाकांची क्वाड बाइक चोरीला गेली. चावी गाडीलाच होती. वेलिंग्टनजवळच्या या गावात सगळ्यांच्याच चाव्या गाडीला असतात, दारं सताड उघडी, आणि काही गेलं की लोकांना खरोखर आश्चर्य वाटतं. अण्णांना सांगितलं. म्हणाले, "चावी ठेवून जाणाऱ्यावर आधी गुन्हा नोंदवला पाहिजे." सासरे फौजदार म्हणून रिटायर झालेत, पण पूर्ण नाही.

७ ऑगस्ट, मंगळ
जनावरांच्या क्लिनिकवर, माझ्या काउंटरशी, दिवसभर तोच विषय. कुत्र्याच्या इंजेक्शनला आलेली माणसं काउंटरला रेलून चोरीवर बोलतात, कुत्रा बिचारा ताटकळतो. म्हणे डिझेल गेलं, चेनसॉ गेली, कुणाची दोन वासरं गेली. अख्ख्या भागाला पोलीस एकच, क्रेग. तो तरी कुठे कुठे पुरणार.
समीर आपल्या रस्त्याचा नेबरहूड सपोर्टवाला. म्हणजे कुणाला काही संशयास्पद दिसलं की त्याला कळवायचं, तो बाकीच्या घरांना आणि क्रेगला मेसेज पाठवतो. या कामाचा त्याला भलताच अभिमान आहे. वर्षभरात एक हरवलेली मेंढी शोधून दिलीय.

१२ ऑगस्ट, रवि
अण्णांची तब्येत बरी. आई गेल्यापासून साताऱ्यात एकटे होते, जूनमध्ये हट्टाने आणलं. व्हिसा नोव्हेंबरपर्यंत, मुदत वाढवून घेता येईल. पुढे कायमचं राहायचं का, हे स. विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. बापलेकांचं बोलणं म्हणजे हवामान. मध्ये मी.
पूजा मात्र जोरात. देव गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वरच्या फळीवर. "देवांना सर्दी होणार नाही," अण्णा म्हणतात. रोज ताजी फुलं. गुलाबी, पांढरी, मोठी मोठी. छान दिसतात.

१६ ऑगस्ट, गुरु
शेजारच्या मार्गारेटने आंघोळीच्या खोलीच्या खिडकीतून माणूस पाहिला. सकाळी, उजाडता उजाडता. उंच, काळा कोट, कानटोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, कुंपणावरून वाकून आत बघत होता. दोनदा दिसला म्हणे. बिचारी घाबरलीय, एकटी असते. समीरने लगेच सगळ्यांना मेसेज टाकला, क्रेगलाही. जेवताना मोठ्याने वाचून दाखवणार होता, पण भात उतू गेला आणि राहिलं.

२१ ऑगस्ट, मंगळ
लिहायचं कसं तेच कळत नाही.
आज मला सुट्टी होती. साडेसातच्या सुमाराला दारात पोलिसांची गाडी. पुढच्या सीटवरून अण्णा उतरले. स.चा जुना काळा कोट, कानटोपी, हातात पिशवी. पिशवीत मार्गारेटच्या कुंपणावरची कमेलियाची फुलं.
समीर सहाच्या आत ट्रेनला निघतो, त्याने अण्णांना फिरायला जाताना कधी पाहिलेलंच नाही. आणि मी? मी तीन आठवडे रोज देवासमोर ती फुलं पाहतेय. आपल्या अंगणात कमेलियाचं झाड नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही.
क्रेग हसत होता. "ऑल गुड," म्हणाला. त्याला पूजेचं सांगितलं, मान डोलावली. मी चहा विचारला तर बसला, शंकरपाळे खाल्ले, परत मागून घेतले. अण्णा बसले नाहीत. भिंतीशी उभे, हात मागे. जाता जाता क्रेग म्हणाला, गंमत म्हणजे मेसेज तुमच्याच मुलाचा होता. त्याला ती गंमतच वाटली. अण्णांना इंग्रजी चांगलं कळतं.
तो गेल्यावर पहिलं वाक्य: "पुढे बसवलं मला. संशयित मागे बसतो." दुसरं: "चौकशीला आलेला पोलीस चहा पितो? मी कधी कुणाच्या घरचं पाणी घेतलं नाही."
मी म्हटलं, अण्णा, इथे असंच असतं.
"कुंपणाच्या आत हात घातलेला नाही मी. रस्त्यावर आलेली फांदी. साताऱ्यात सगळी गल्ली अशीच फुलं काढते."
इरा शाळेतून येऊन, "आजोबा, यू वेअर इन अ पोलीस कार? सो कूल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खोलीत गेले.

त्याच दिवशी, नंतर
स. आला. मी आधीच फोनवर सांगितलं होतं, ट्रेनमध्ये पूर्ण वेळ वाक्यं जुळवत आला असणार. एकही कामाला आलं नाही.
अण्णा: ओळखलं नाहीस?
स.: नुसत्या वर्णनावरून कसं ओळखणार, अण्णा?
अण्णा: मी आयुष्यभर वर्णनावरूनच ओळखली माणसं.
जेवले नाहीत. मला समीरचा राग आला आणि त्याची दयाही आली. कोट त्याचाच होता.

२४ ऑगस्ट, शुक्र
अण्णा बाहेर पडत नाहीत. पूजेला फक्त अक्षता. तिकीट अलीकडचं मिळतं का बघ, असं मला सांगितलं, समीरला नाही.
मार्गारेट बादलीभर कमेलिया घेऊन आली. डोळे भरलेले. "आय फील टेरिबल, डिअर." मीच तिची समजूत घातली. अण्णा आतून म्हणाले, "सांग तिला, नकोत. तिची चूक नाही." बादली हॉलमध्ये ठेवली. देवाला एकही फूल वाहिलं नाही.

२९ ऑगस्ट, बुध
अण्णांचं म्हणणं साधं आहे. संशय नोंदवला ना? मग जबाबही नोंदवा. नाहीतर संशय तसाच राहतो. क्रेगला फोन केला तर तो म्हणे, "नो नीड, मेट."
आज ते चालत चौकीवर गेले. एकटे, इस्त्रीचा शर्ट घालून. क्लिनिकवर कुणीतरी सांगितलं, तुझे सासरे पोलीस स्टेशनबाहेर उभे आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना आणायला गेले. चौकीला कुलूप, भिंतीवर फोन, शेजारी पाटी की अधिकारी बाहेर आहेत. अण्णा दाराकडे तोंड करून ताठ उभे.
"चौकीला कुलूप," गाडीत बसताना म्हणाले. मला रडू आलं, सिग्नलही नाही या गावात की थांबून डोळे पुसावेत.

२ सप्टें., रवि
चोर सापडले. म्हणजे रॉनची बाइक सापडली, थेट हेन्डरसनला, लांब उत्तरेला, आणि तिच्याबरोबर दोघे. गावातले नाहीत. सगळे खूश. स. उत्साहाने सांगायला गेला, "झालं ना अण्णा, सुटला प्रश्न."
"चोरांचा सुटला," अण्णा म्हणाले.
रात्री स. मला म्हणतो, मी काय करायला हवं होतं? मार्गारेट घाबरली होती, मी कळवलं. बरोबरच आहे त्याचं. तेच त्याला खातंय.

६ सप्टें., गुरु
मीच क्रेगला गाठलं. मांजर घेऊन आला होता क्लिनिकवर. म्हटलं, माझ्या सासऱ्यांना तुमच्या माफीची गरज नाही, तुमच्या अर्ध्या तासाची आहे. ते तुमच्याच पेशातले आहेत. मांजर उचलून घेताना म्हणाला, शनिवारी येतो.

८ सप्टें., शनि
क्रेग आला, युनिफॉर्ममध्ये. चहा विचारला तर नको म्हणाला. मला वाटतं, कळलं त्याला.
जेवणाच्या टेबलावर जबाब. नाव, वय, व्यवसाय. अण्णांनी स्वतः इंग्रजीत सांगितलं, अडलं तिथे मी. फुलं कुठली, कुठून, कशासाठी. "देवपूजेसाठी" हे क्रेगने स्पेलिंग विचारून मराठीतच लिहिलं. अण्णांनी त्याला दोनदा थांबवलं: वेळ लिहा, फांदी कुंपणाबाहेर होती हे लिहा. त्याने लिहिलं. इतक्या दिवसांनी अण्णा खुर्चीत नीट टेकून बसलेले पाहिले.
मग म्हणाले, "आता याचा घ्या. खबर देणाऱ्याचा."
समीर हसायला गेला. क्रेग हसला नाही. विचारलं, मेसेज पाठवलात तेव्हा त्या माणसाला ओळखत होतात का?
स. म्हणाला, नाही.
आता ओळखता?
"हो. माझे वडील आहेत." मराठीतच म्हणाला, मग इंग्रजीत.
अण्णांनी सही केली. क्रेगला दारापर्यंत सोडायला गेले आणि तिथे चक्क सॅल्यूट केला. त्यानेही केला, जरा गोंधळून. मागे स. खुर्चीतच, टेबलाकडे बघत.

१३ सप्टें., गुरु
गणपती. वेलिंग्टनहून दोन कुटुंबं आली, उकडीचे मोदक फुटले तरी संपले. अण्णांनी सुपरमार्केटमधून फुलं आणायला लावली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मार्गारेटला मात्र स्वतः जाऊन आरतीला बोलावलं. ती टाळ्या वाजवत होती, थोडी उशिरा. तिकिटाचं नाव कुणी काढलं नाही. मी मुद्दाम विचारलं नाही.

२४ सप्टें., सोम
समीरने ऑफिसमध्ये सांगून नंतरची ट्रेन धरायला सुरुवात केलीय. सकाळी अण्णांबरोबर फिरायला जातो. स्वतःहून. मी खिडकीतून बघते, दोघे उंच, दोघांच्या खांद्याची ठेवण एक. बोलत नाहीत फारसं. वाटेत भेटेल त्याला स. सांगतो, माय डॅड. क्लिनिकवर आलेल्या दोघांनी कौतुक केलं. मलाही बरं वाटतंय, खोटं कशाला लिहू.

३० सप्टें., रवि
व्हिसाची मुदत वाढवायची का, हे आज मीच विचारलं. स. इराला पोहायला घेऊन गेला होता. अण्णा देवांची भांडी पुसत होते.
म्हणाले, "तो सकाळी माझ्याबरोबर येतो ना, ते सोबत म्हणून की पाळत म्हणून, एवढं त्याला विचारून सांग. मग ठरवतो."
तुम्हीच विचारा ना अण्णा, म्हटलं.
"मी विचारलं तर तो जबाब होईल."
स. आला. केस ओले, इराचं सामान खांद्यावर. उद्याचा अलार्म लावताना म्हणाला, अण्णांना लवकर उठव, पाऊस नाहीये उद्या.
मी अजून विचारलेलं नाही.