हेडबाईला बाहेर काढलं त्याची गोष्ट

प्रिय वहिनी,

चिमीनं परवा फोनवर विचारलं, आत्या, नव्या कोंबड्या जुन्यांत रुळल्या का? मी तिला सांगितलं, तुझ्या आईला सविस्तर लिहिते. पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण शेवटपर्यंत वाच. तू आणि चिमीनं त्या भाड्याच्या एका खोलीतून घरी परत यावं, हे दादा गेल्यापासून मी तीनदा सांगितलं आणि तीनदा तू स्पष्ट नकार दिलास. मी हट्टी आहे हे तुला वेगळं सांगायला नको.

तर कोंबड्या. जुन्या चार होत्याच, त्यांत तीन तलंगा आणल्या. अजून अंड्यावर न आलेल्या, कोवळ्या. दुकानातल्या दाणेवाल्या बाईंनी बजावलं होतं की मध्ये जाळी लावा, तीन आठवडे एकमेकींना नुसतं बघू द्या. पण मी कुणाचं ऐकते का! चार दिवसांत आपोआप रुळतील म्हणाले आणि सकाळी सरळ खुराड्यात सोडून शिवणकामाला बसले. दोन गणवेशांच्या बाह्या लावून होईतो परसात ही बोंब! आपली हेडबाई, ती जाडी तांबडी, एका तलंगेला कोपऱ्यात दाबून तिच्या मानेचं पीस न् पीस उपटत होती. बाकीच्या तिघी बघत होत्या. मान रक्ताळली होती.

जखमेला हळद लावली आणि तलंगेला खोक्यात घालून घरात आणलं. आठवड्यानं बरी झाली म्हणून परत सोडली, तर पुन्हा तेच, उलट जास्तच. मग मुकाट्यानं दाणेवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. म्हणाल्या, मार खाणारीला कशाला उचलता? ती बाहेर राहिली की आणखी परकी होते. टोचणारीला बाहेर काढा. तिच्यावाचून बाकीच्यांची घडी बसू दे, मग तिला आणा, नवी म्हणून.

तिथंच काउंटरवर हात ठेवून मी उभी राहिले, वहिनी. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आईला मी हेच म्हणाले होते, रुळेल आपोआप. आणि मग तू वाळत घातलेले कपडे काढून, पुन्हा झटकून मी परत घालायची. तू भाजी केलीस की चव न घेताच वरून मीठ. तुझे डबे मागच्या फळीवर सरकवायची आणि कुठे गेले म्हणून तू शोधत राहिलीस की गप्प बसायची. आई बघायची, दादा बघायचा. शेवटी दादानं तुला घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं आणि घर तू फोडलंस असं मी नातेवाइकांत सांगत सुटले. दादा गेला त्या दिवशी तू आलीस आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसलीस, पर्स मांडीवर धरून, पाहुण्यासारखी. पाणीसुद्धा विचारून घेतलंस. मला तेव्हा लाज वाटली होती, पण बोलले नाही. आता लिहिते, चूक माझी होती.

हेडबाईला मी दहा दिवस अंगणापलीकडे टोपल्याखाली ठेवलं. काय तो थयथयाट! इकडे सहाजणी दोन ताटल्यांत दाणा टिपायला लागल्या, तलंगा वरच्या दांडीवर बसू लागल्या. अकराव्या दिवशी तिला सोडलं. आली तोऱ्यात, पण ताटलीपाशी कुणी सरकेना. थोडा वेळ थांबली बिचारी, मग कडेला जागा मिळाली तिथं खायला लागली. आता बरं चाललंय. एखादी चोच मारते अधूनमधून, स्वभाव आहे, पण माना सगळ्यांच्या शाबूत आहेत. हे चिमीला सांग.

आणि आता तुला. मी ज्या दुकानाचे गणवेश शिवते, त्याच्या माडीवर आजपासून राहायला जाते आहे. मशीन, पलंग आणि स्टोव्ह कालच हलवला. उगाच विनवण्या करू नकोस, ठरलंय. घराची किल्ली या पाकिटात आहे. दुसरी कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. स्वयंपाकघरातल्या फळ्या रिकाम्या करून पुसून ठेवल्यात, तू आणि चिमी हवं तसं मांडा. कोंबड्यांना दाणा शेजारच्या काकू घालतील तुम्ही येईपर्यंत. तुमची घडी बसली असं तुला वाटलं, तर मला एकदा चहाला बोलव. नाही वाटलं तर बोलावू नकोस, मी रुसणार नाही. पण बोलावलंस तर येईन, आणि दारात उभी राहून बेल वाजवीन.

तुझीच,
वन्सं